सगळी दारं बाहेरची

चौदाव्या कॉलेजच्या यादीतही नाव आलं नाही, त्या दुपारपासून तनुजाला कुठल्याच दारातून आत जाता येईना. दार सताड उघडं असे, अडवायला कोणी नसे. ती उंबरा ओलांडून पाऊल आत टाकी आणि ते पाऊल बाहेर पडे. घराच्या दारातून गेली की परत गल्लीत, वाण्याच्या दुकानात शिरली की परत रस्त्यावर.

चूक तिचीच, असं बार्शीत सगळे म्हणाले. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला जुनं कॉलेज सोडल्याचा दाखला लागतो. शहाणी पोरं नवीन कॉलेज नक्की झाल्यावर तो काढतात. तनुजानं आधीच काढला. ऑफिसातले शेटे भाऊसाहेब रजेवर निघाले होते, आणि चौदातलं एक तरी आपल्याला घेईलच, अशी तिची खात्री होती. आता जुनं सुटलं होतं आणि नवं कुठलंच नव्हतं. ना घर का ना घाट का म्हणतात, ते हेच.

ती जुन्या कॉलेजात गेली. ऑफिसची एक खिडकी रस्त्यावर उघडत असे, तिथं उभी राहिली.

"दाखला परत घेता येतो की," शेटे म्हणाले. "तसा नियमच आहे."

"मग घ्या ना, भाऊसाहेब."

"रजिस्टरवर तुझी सही लागेल. रजिस्टर बाहेर देता येत नाही."

"आणि मला आत येता येत नाही."

शेट्यांनी चष्मा काढून पुसला. "तेच तर. त्या कानड्याचंही तिथंच अडलंय, बघ."

सुहास कानडे कुंपणाच्या भिंतीवर बसला होता. तो तिच्या दोन वर्षं पुढं होता. त्यानं तिला बसायला जागा करून दिली.

"लोक म्हणतील नोकरी बघ," तो म्हणाला. "पण मुलाखत आत असते. कोणी म्हणेल, पुण्याला काकाकडे जा. एसटीला दार असतं."

"मग तू राहतोस कुठं?"

"स्टँडवर. स्टँडला दार नाही. शिवाय देवळाचा मंडप आहे, बाजाराचे ओटे आहेत. पर्याय आहेत तसे." त्यानं भिंतीवरचा एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. "मंडपाला या महिन्यात दार बसवतायत."

तनुजा घरी आली आणि खिडकीखाली बसली. घरात मायलेकी दोघीच. आई गजांमधून जेवण देई. ताट गजांतून जात नसे, म्हणून भाकरीची घडी करून देई, आणि आमटीची वाटी तिरकी धरून बाहेर काढताना निम्मी भिंतीवर सांडे. तनुजा उरलेली पिऊन वाटी परत देई. असे नऊ दिवस गेले. दोघींनाही रडू येई, पण आधी कोण रडणार म्हणून दोघीही थांबत.

दहाव्या दिवशी दुपारी आईचा धीर सुटला. "पोटच्या पोरीला भिकाऱ्यासारखं बाहेर वाढतेय मी," ती म्हणाली आणि तशीच गल्लीत आली. तिनं तनुजाचं मनगट धरलं.

"आई, राहू दे."

"गप बस. घर माझं आहे. माझा हात धरून चल, बघू कोण अडवतंय."

तनुजाला हात सोडवून घ्यावासा वाटला. काय होणार, ते तिला पायांत कळत होतं. पण नऊ दिवसांत तिला कोणाचा हात लागला नव्हता. तिनं सोडवला नाही.

दोघींनी मिळून उंबरा ओलांडला आणि दोघी गल्लीत उभ्या राहिल्या.

आईनं हात सोडला. पदर खोचला आणि एकटी आत गेली. ती तनुजाच्या शेजारी बाहेर आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"काय गं हे," ती हळूच म्हणाली.

आत गॅसवर डाळीचा कुकर होता. त्याची तिसरी शिट्टी झाली. आई नेहमी तिसरीला गॅस बंद करायची. दोघी खिडकीचे गज धरून आत बघत राहिल्या. चौथी शिट्टी झाली. मग पाचवी.