बाभळीवरची पोती

"सही कर आणि मोकळा हो," अभयारण्याच्या ऑफिसातला इंजिनियर शरीफ म्हणाला. "सफाईच्या अहवालात अकरा पोती कचरा, एवढंच लिहिलंय. त्यात खोटं काय आहे?"

"कचरा," मी म्हणालो. "तेवढंच खोटं आहे."

"झाडावर टांगलेली, उन्हानं विटलेली पोती. तुमच्यात काय म्हणतात त्याला?"

"सामान म्हणतात. तुमचा तो कोट बघा, कधीचा खिळ्यावर टांगलाय. अंगावर कधी बघितला नाही मी. उचलू का तो पण?"

अबू रबीअनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. आमच्या टोळीतल्या वाटाड्यांचे नंबर हा माणूस सांभाळतो. अभयारण्यात पाहुणे आले की ज्या घराचा नंबर, त्या घराचा माणूस त्यांना डोंगरात नेतो. त्यावरून आमच्यात कधी भांडण होत नाही. दुसरं भांडायला पुष्कळ आहे.

आमच्या घराचा नंबर दोन महिन्यांनी आला, तर अबा, माझे वडील, खाटेवर. बदामाच्या बागेचा बांध घालताना दगडावरून पडले आणि पाय दोन ठिकाणी मोडला. म्हणून मी गेलो. सोळा वर्षांचा आहे, वाटा सगळ्या पाठ आहेत.

पाहुणे बारा होते. लांबून विमानानं आले होते, आमच्या दरीतला कचरा वेचायला. वर त्याचे पैसे पण भरले होते. मला हसू आलं, पण कामाला वाघ होती माणसं. दगडाच्या फटीतलं सिगारेटचं थोटूकसुद्धा सोडलं नाही. दुपारी मी चहा करायला पुढे विहिरीवर गेलो.

झाडावरच्या पोत्यांना हात लावू नका, असं मी सांगितलं नाही. आता सगळे मला तेच विचारतात, का नाही सांगितलंस? अरे, पेटत्या चुलीत हात घालू नका असं कोणी पाहुण्याला सांगतं का? उन्हाळ्यात आम्ही शेळ्या घेऊन वर जातो तेव्हा थंडीचं सामान बाभळीवर टांगून जातो. कुलूप नाही, राखण नाही. वर्ष जाईल, तीन जातील. ज्याच्याशी तुमचं हाडवैर आहे तोसुद्धा खालून मान खाली घालून जातो. झाडावरचं कोणी उचलेल हे माझ्या डोक्यात कसं येणार?

किटली घेऊन परत आलो तर झाड उघडं. एका बाईचे हात काट्यांनी कोपरापर्यंत ओरबाडले होते आणि ती माझ्याकडे बघून खुशीत हसत होती. पोती काळ्या पिशव्यांबरोबर ट्रकवर चढून गेली होती. मी किटली जमिनीवर आपटली. त्यांना वाटलं, माझा हात भाजला. चौघं मलम घेऊन धावली. अशा माणसांवर ओरडायचं तरी कसं?

रात्री अबा म्हणाले, "पाहुण्याची चूक वाटाड्याच्या डोक्यावर. ज्याचा नंबर त्यानं निस्तरायचं."

दहा पोत्यांचं निस्तरलं. जुनी भांडी, घोंगड्या. अबू रबीअ घरोघरी जाऊन कॉफी प्यायला आणि लोकांनी सोडून दिलं. अकरावं पोतं हामदा आत्याचं. त्यात तंबूची पट्टी होती, शेळीच्या केसांची. तीन वर्षं तिनं केस कातले आणि विणले. खजुराच्या हंगामात तिच्या मुलीचं लग्न आहे आणि आमच्यात पोरगी आईनं विणलेल्या छपराखाली नांदायला जाते. आत्या वर डोंगरात होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"हे बघ अतवा," शरीफ आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून कार्ड नसलेला वाटाड्या फाटकातून आत जाणार नाही. मग तुमचे नंबर बसा घरी मोजत. कार्डाला शाळेचा दाखला लागतो. तुझ्याकडे आहे?"

नाही. आठवीत भूगोलाच्या मास्तरनं आमच्या डोंगराला निर्जन म्हटलं. मी म्हटलं, मग मी कोण, बोकड? त्यानं मुस्काटात मारली. मी परत गेलो नाही.

"तरी तुझं नाव यादीत घालतो," शरीफ म्हणाला. "मी दोन वाजता कैरोला निघतोय, यादी माझ्याबरोबर जाणार. सही दे."

"आणि सही केल्यावर आत्याचं पोतं परत मिळेल?"

"कागदावर एकदा कचरा झाला की तो डेपोच्या ठेकेदाराचा. चिंध्या विकतो तो, उरलेलं गुरुवारी जाळतो."

आज बुधवार आहे.

"कर ना सही, गाढवा," अबू रबीअ कुजबुजला. "तुझ्या बापाचा पाय आता डोंगर चढत नाही. घरात दुसरं कोण आहे?"

तेवढ्यात दारात हामदा आत्या. पीठ न्यायला खाली उतरली होती, आणि बाजारात कोणीतरी तोंड उघडलं होतं.

"कसा आहेस अबू रबीअ?" ती शरीफला म्हणाली.

शरीफ गोंधळला. खरा अबू रबीअ माझ्या शेजारी बसला होता. आत्या भिंतीला हात लावत आत आली, उंबरा पायानं चाचपला. हे कधी झालं? मे महिन्यात तर कड्यावरची शेळी खालून ओळखत होती.

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, चप्पल काढेल. काढली असती तर बरं झालं असतं.

"तू चहा करत होतास?"

"हो."

"आणि पाहुण्यांना तहान लागली होती?"

"हो आत्या."

"मग सही कर," ती म्हणाली. "भाऊ माझा खाटेवर आहे. पट्टीचं काय, दुसरी विणीन."

"खजुराच्या आधी?"

"विणीन म्हटलं ना. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस."

तिला कसं कळलं मी बघतोय, कोण जाणे. शरीफनं पेन पुढे केलं. मी ते घेतलं, कागद ओढला आणि 'कचरा' शब्दावर इतक्या जोरात काट मारली की कागद फाटून टेबलावर रेघ उठली.

"यादीतून गेलास तू," शरीफ म्हणाला.

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षी येऊ नकोस माझ्याकडे."

बाहेर आल्यावर अबू रबीअनं मला जेवढ्या शिव्या येतात त्यापेक्षा जास्त दिल्या. आईवरनं, बापावरनं, दोन्ही आजोबांवरनं. मग खिशातून जीपची किल्ली काढून माझ्या छातीवर फेकली. "डेपोला जायला एक तास लागतो. ठेकेदारानं हात उचलला तर तू उचलू नकोस. तुझं डोकं मला ठाऊक आहे."

मी काही कबूल केलेलं नाही.

अबांना अजून सांगितलेलं नाही. घरापुढे जीप लावलीय, आत खोकल्याचा आवाज येतोय. आत जाऊन काय सांगू, तुमच्या घराचा नंबर घालवून आलो?

आत्या आधीच पुढच्या सीटवर बसलीय, पिठाची पिशवी मांडीवर. "रंग तुला ओळखता येईल," म्हणते, "पण वीण मला हातानं कळेल. हजार पिशव्या असू देत." पिशव्या खरंच हजार असतील. आणि पाच दिवसांत ठेकेदारानं काय विकलं असेल ते त्यालाच माहीत.

अबा हाक मारतायत. आत्या म्हणते, उशीर होतोय. मला आता निघायला हवं.