अठ्ठावन्न पौंडांचं पाडस

९ ऑगस्ट, सकाळचे अकरा. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, कॉटनवुड खोऱ्याच्या वरच्या उतारावर, सेज नावाच्या रानझुडपाखाली मी सहा तास हललो नव्हतो. अकरा वाजता माझ्यातून निघणाऱ्या ठोक्यांचा वेग आपोआप दुप्पट झाला. खाली रस्त्यावर ट्रेव्हाने गाडीतल्या यंत्रावर ते ठोके ऐकले आणि गाडी बाजूला घेतली. दुप्पट ठोक्यांचा अर्थ तिच्या लेखी एकच : जनावर मेलं.

मित्रांनो, मी एक जुना गळपट्टा आहे. चामड्यासारखा जाड पट्टा, आत बॅटरी, बाहेर बोटभर तार. हरणाच्या पाडसाच्या गळ्यात बसून सेकंदाला एक ठोका हवेत सोडायचा, हे माझं काम. ट्रेव्हा वन्यजीव खात्यात आहे. डिसेंबरात ती तीस पाडसांना माझ्यासारखे तीस पट्टे घालते आणि एप्रिलअखेर किती उरली ते मोजते. पाडस मेलं की ती पट्टा धुते, बॅटरी बदलते आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या गळ्यात घालते.

माझे पहिले तीन गळे मेले. पहिलं पाडस छातीभर बर्फात एक्केचाळीस दिवस चाललं. दुसरं डोंगरी सिंहाने, म्हणजे प्यूमाने, नेलं. तिसरं वर्लकाकांच्या गवताच्या गंजीशेजारी पडलेलं सापडलं. वर्ल हे ट्रेव्हाचे सख्खे काका. त्यांची गुरं याच खोऱ्यात चरतात. त्या हिवाळ्यात तीसपैकी सहाच पाडसं वाचली. हरणांची दया येऊन काका रोज त्यांना सुकं गवत टाकत. ट्रेव्हाने त्यांच्यासमोरच पाडसाचं पोट चिरलं.

"भरलेलं आहे की!" काका म्हणाले.

"हो, गच्च भरलेलं आहे. गायी आणि एल्कसारखी थोराड हरणं हे गवत पचवतात, काका. या लहानग्यांना हिवाळ्यात झुडपांचीच सवय असते. भरल्या पोटी उपाशी मेलं ते."

काकांनी टोपी काढली. त्याच आठवड्यात त्यांनी गंजीभोवती आठ फूट उंच कुंपण घातलं.

चौथा गळा मला गेल्या १४ डिसेंबरला मिळाला. माणसांनी आरडाओरडा करत हरणं लांब जाळ्यांकडे हाकलली. जाळ्यात अडकलेल्या एका मादी पाडसाच्या डोळ्यांवर ट्रेव्हाने फडकं बांधलं आणि तिला वजनकाट्याला टांगलं.

"अठ्ठावन्न पौंड."

"काटा अडकला असेल," काका म्हणाले. धडधाकट पाडस पंचाहत्तरच्या घरात असतं.

"काटा नाही अडकला. हीच एवढीशी आहे."

"मग सोड तिला. पट्टा वाया जाईल. ही काही फेब्रुवारी बघत नाही."

"जाडजूड तेवढ्यांनाच पट्टे घालते, म्हणजे कागदावर सगळा डोंगर गुबगुबीत! तुमची गुरं विकायला नेताना असंच करता ना?"

"माझ्या गुरांना मध्ये आणू नकोस."

"मान धरा. हलू देऊ नका तिला."

पट्टा आवळला गेला. माझ्याखाली एवढं घाबरलेलं काळीज पूर्वी कधी धडधडलं नव्हतं.

मी बर्फाची वाट पाहू लागलो. बर्फ आला नाही. नाताळला दक्षिणेकडचे उतार उघडे होते, जानेवारीत उत्तरेकडचेही. माझ्या आधीच्या पाडसांना एका झुडपापाशी पोचायला अर्धा दिवस लागे आणि त्या चालण्यातच अंगावरची चरबी जळून जाई. हिला फक्त मान वाकवायची होती. दुपारी ती उन्हात रवंथ करत बसे आणि तिच्या गळ्यातून उतरणारा प्रत्येक घास मला जाणवे. मी ते घास मोजत नसे. नुसता ऐकत असे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही कड्याखाली उभे होतो. वरच्या धारेवरून एल्कचा कळप निघाला. दोनशेहून जास्त असतील. एरवी या दिवसांत ते खाली काकांच्या कुंपणाशी येऊन फुरफुरत, यंदा त्यांना खाली यायची गरजच पडली नव्हती. नर पुढे, शिंगं आभाळाला लागलेली. त्यांच्या खुरांखालून बर्फाऐवजी धूळ उडत होती आणि सूर्य त्या धुळीमागून उगवत होता. कळप सरेपर्यंत माझं पाडस जागचं हललं नाही. मीही एवढं मोठं काही त्याआधी पाहिलं नव्हतं.

मार्च आला तसा पट्टा तिच्या गळ्याला घट्ट होऊ लागला. मरायला ठरलेलं पाडस वाढत होतं! ३० एप्रिलला ट्रेव्हाने मोजणी पुरी केली. तीसपैकी अठ्ठावीस जिवंत. काका पाकात मुरवलेल्या पीचच्या फोडींची बरणी घेऊन रस्त्यावर हजर झाले.

"घे, खा. देवाने यंदा हिवाळाच रद्द केला. तुझं अठ्ठावन्न पौंडांचं ते चिमणंसुद्धा वाचलं."

ट्रेव्हाने फोड तोंडात टाकली आणि डोंगराकडे बोट केलं. "तो माथा या दिवसांत पांढरा हवा."

"तुला आनंद सोसत नाही का गं?"

"सोसतो. पण वितळायला बर्फच नाही, तर उन्हाळ्यात ओढे कशावर वाहायचे?"

काकांनी बरणीचं झाकण लावलं.

गवत लवकर हिरवं झालं आणि लवकर वाळलं. जूनच्या सुरुवातीला आईने नवी पिल्लं जन्माला घालायच्या आधी माझ्या पाडसाला हाकलून दिलं. हरणांत तसंच असतं. ती एकटी वर चढत गेली. जुलै म्हणजे इथला भर उन्हाळा; झुडपांची पानं हाताने चुरावीत इतकी कोरडी झाली. एका झऱ्याचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला आणि चिखलाला भेगा पडल्या. हरणाने अंग धरायचे दिवस हे, आणि मी तिच्या गळ्यात सैल पडू लागलो. ऑगस्ट लागला तेव्हा मी चालताना तिच्या छातीवर आपटत होतो.

पाडसं वाढतात, म्हणून आमच्या पट्ट्यात सुती कापडाचा एक तुकडा शिवलेला असतो. आठ-नऊ महिन्यांत तो उन्हावाऱ्याने कुजतो आणि पट्टा गळून पडतो. ९ ऑगस्टला पहाटे पाचला ती झुडपात तोंड घालून उरलीसुरली पानं ओरबाडत होती. तार फांदीत अडकली. तिने मान ओढली, कापड फाटलं, मी खाली पडलो. तिने एकदा मला हुंगलं आणि उत्तरेकडे चालू लागली. तिचा मागचा डावा पाय जरा ओढल्यासारखा वाटत होता. त्यापुढचं मला माहीत नाही.

दुपारी ट्रेव्हा आणि काका मला शोधत वर आले. मला उचलण्याआधी त्यांनी दोनशे पावलांच्या घेरातलं प्रत्येक झुडूप पाहिलं. हाडं नव्हती, रक्त नव्हतं, केसही नव्हते. मग ट्रेव्हाने फाटलेलं कापड पाहिलं.

"जिवंत आहे!" काका ओरडले.

"पट्टा सुटला, एवढंच कळतं."

"एवढं लिही की मग!"

तिने लिहिलं : पट्टा गळाला, पुढचं अज्ञात. काका कोरड्या झऱ्याच्या भेगांत काठी घालून पाहत होते. काठी कोरडीच वर आली.

"माझी जुनी गुरांची टाकी इथे आणून ठेवली तर?" ते म्हणाले. मग चाचरत म्हणाले, "म्हणजे... पाण्याने काही अपाय तर नाही ना होणार तिला?"

ट्रेव्हा हसली नाही. "नाही काका. पाणी चालेल."

तेव्हापासून दर तीन दिवसांनी काका गाडीत पाणी भरून वर नेतात. ट्रेव्हाने टाकीसमोर कॅमेरा बांधला आहे. मी तिच्या टेबलावर असतो, त्यामुळे फोटो मलाही दिसतात. २६ सप्टेंबरच्या फोटोत पाच तरुण माद्या आहेत. पट्ट्याने माझ्या पाडसाच्या गळ्यावरचे केस घासले गेले होते, पण आता सगळ्यांच्या अंगावर हिवाळ्याची नवी लव आली आहे आणि पाचही गळे सारखेच दिसतात.

"तिसरी आपली," काका म्हणाले.

"कशावरून?"

"बारकी आहे."

"यंदा सगळ्याच बारक्या आहेत, काका."

मित्रांनो, थंडी सौम्य पडली आणि जनावरं वाचली असं कुणी सांगितलं, तर आनंद जरूर माना. पण ऑगस्टात पुन्हा एकदा विचारा, आता कशी आहेत? एप्रिलातल्या अठ्ठावीसांपैकी किती उरलीत ते इथे नक्की कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक पट्टे गळून पडले आहेत.

आज ६ ऑक्टोबर. माथ्यावर बर्फ नाही. आज सकाळी काका टाकी भरायला गेले तेव्हा तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं, म्हणजे कुणीतरी पिऊन गेलं होतं.