हिरव्या दाराचं वांगं

"आई, प्रेत आहे ते, प्रेत! अंगणात प्रेत ठेवतं का कोणी?"

"तोंड सांभाळ, कॉरिन. तिला ऐकू जातं."

"घ्या! ऐकलंस ना मारिसोल? गाडीला ऐकू जातं म्हणे!"

मारिसोल काय बोलणार बिचारी? ती बेकरीचा खोका छातीशी धरून उभी. खोक्यात पेपरोनी भरलेले गरम पाव, आणि तोंडावर असा भाव की आपण चुकून भलत्याच घरी आलो.

"माझ्या गाडीचे तुकडे होणार नाहीत," वांडा म्हणाली. "गंजायचं तर गंजू दे. माझ्या दारात गंजेल."

"आणि हिची नोकरी गेली मग?"

"ती काय मी घालवली?"

मित्रांनो, जिच्यावरून ही बोंबाबोंब चालली होती ना, ते प्रेत म्हणजे मी. मी एक जुनी सॅटर्न गाडी. सॅटर्न म्हणजे तुमचा शनी. आता लगेच नाक मुरडू नका! कुणाच्या राशीला लागले नाही मी कधी. अठरा वर्षं एकाच बाईला सांभाळलंय. हे भांडण गेल्या रविवारचं. आज मला न्यायला ट्रक येतोय. तो येईपर्यंत सांगते, आणि मधे कुणी बोलायचं नाही. माझं टाळकं लवकर सटकतं.

माझा जन्म टेनेसीचा. आजूबाजूला कुरणं, गाई, आणि मधोमध आमचा कारखाना. एका जुन्या बड्या कंपनीनं ठरवलं, साध्या माणसाला परवडेल अशी गाडी करायची, आणि सगळं नव्यानं करायचं. नवा कारखाना, नवं नाव, नवी पद्धत. तिथं माणसांना माझ्यामागे धावावं लागत नव्हतं. लाकडी कट्ट्यावर मी, कट्ट्यावरच ती, आणि सगळा कट्टाच पुढे सरकायचा. गप्पा मारत, डबा कुठे खायचा ते ठरवत त्यांनी मला जोडलं. आत लोखंडाचा सांगाडा, आणि दारं न् बाजू प्लास्टिकच्या. हो, प्लास्टिकच्या! हसलात ना? सगळे हसतात. पण हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंग दिला वांगी. मला विचारलं नव्हतं.

मग मला ईरीला पाठवलं. सरोवराच्या काठचं गाव, पेनसिल्व्हेनियात. हिवाळ्यात सरोवरावरून असा बर्फ येतो की रस्ता कुठला न् अंगण कुठलं ते कळत नाही. आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ट्रकच्या ट्रक भरून. त्या मिठानं गावातल्या लोखंडी गाड्यांच्या बाजू वाळवी लागल्यासारख्या झडायच्या.

वांडा ग्रबोव्स्की आली तेव्हा मी दुकानात काचेमागे उभी होते. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला, नवरा सोडून गेलेला, हाताशी पाच वर्षांची कॉरिन. आधी दोन दुकानांतून चिडून आलेली. तिथं म्हणे तिला विचारलं होतं, "मिस्टर कुठेत? त्यांनाच घेऊन या ना, मग बोलू." इथं आल्या आल्या ती विक्रेत्यावर खेकसली, "माझे मिस्टर नाहीत. भाव कमी करा नाहीतर मी निघाले."

"भाव कमी होत नाही, मॅडम," तो म्हणाला. "वाढतही नाही. जो लिहिलाय तोच. कोणीही येऊ दे."

वांडाचं तोंड उघडंच राहिलं. घासाघीस करायला कंबर कसून आलेली बाई, आणि समोर घासाघीसच नाही! मग त्यानं कॉरिनला म्हटलं, "ए चिमणे, मार दाराला लाथ."

मला काय राग आला, विचारू नका. कॉरिननं दोन पावलं मागे जाऊन हाणली ना मला! दार आत गेलं आणि पुन्हा बाहेर. ओरखडासुद्धा नाही. वांडानं हात फिरवून पाहिलं. "आणि मीठ?" तिनं विचारलं.

"प्लास्टिकला कसला गंज?"

झालं. मन तिथंच बसलं तिचं.

किल्ली देताना आमच्या दुकानात एक पद्धत होती. सगळे कामं सोडून यायचे, हिशेबवाली बाई, ऑइलच्या हातांचे मेकॅनिक, झाडूवाला, सगळे. गोल करून उभे राहायचे आणि नव्या मालकासाठी टाळ्या वाजवायचे. मग फोटो. वांडा त्या गोलात उभी, लाल झालेली, पर्स घट्ट धरलेली. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील असं मला वाटत नाही, त्याआधी. पहिल्याच वळणावर तिनं मला बाजूला घेतलं आणि रडली. कॉरिन म्हणाली, "आई, नको असेल तर परत देऊ या."

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक वेडेपणा. कारखान्यानं सगळ्या मालकांना बोलावलं, आपापल्या गाड्या घेऊन माहेरी या म्हणून. हजारो आले! वांडा न् कॉरिन ईरीहून सँडविच खात, गाणी म्हणत, एकदा रस्ता चुकून पोचल्या. कुरणात गाड्याच गाड्या, सगळ्या माझ्या बहिणी. वांडा मक्याची कणसं आणायला गेली न् परत येऊन भलत्याच गाडीला किल्ली लावत बसली. टोपीवाला एक कामगार आला, माझ्या पुढच्या दारावर हात ठेवून म्हणाला, "हे मीच लावलंय बहुतेक." बहुतेक! पण वांडाला तेवढं पुरलं. पुढे कोणीही बसलं की ती सांगायची, "हे दार लावणाऱ्याला मी भेटलेय." 'बहुतेक' हा शब्द तेवढा गाळून.

मग वर्षं गेली. पहाटे हॉस्पिटल, संध्याकाळी चर्चचा हॉल, रविवारी सरोवर. माझ्या मागच्या सीटवर कॉरिनचे दात पडले, गोवर उठला, पहिलं प्रेम मोडलं. मी सगळं ऐकलंय. कुणाला सांगितलं नाही. हिवाळा संपला की वांडा बादली घेऊन यायची आणि मला चकाचक करायची. शेजारचे आपल्या गंजक्या गाडीकडे बघायचे न् माझ्याकडे. "वांडा, काय खायला घालतेस हिला?" मी भाव खाल्ला, कबूल आहे. वांडानं माझ्याहून जास्त खाल्ला.

मग कॉरिन गाडी शिकली. म्हणजे शिकली नव्हती, पण चालवायला लागली. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण, बाहेर कडाक्याची थंडी. बाईसाहेबांनी मला मागे घेत वळवलं ती माझी कूस थेट लोखंडी खांबावर! लाथेला दाद न देणारं माझं दार, पण त्या थंडीत काचेसारखं तडकलं. रांगेतले सगळे हातातल्या ताटल्या घेऊन बाहेर आले बघायला.

"वांडा, मासा पकडलास की खांब?" कुणीतरी ओरडलं.

वांडानं तडकलेल्या दाराचे तुकडे बर्फातून वेचले. एकेक करून. ते टोपीवाल्याचं दार होतं.

नवं दार परवडण्यातलं नव्हतं. मायलेकी भंगारच्या आवारात गेल्या. तिथं माझीच एक बहीण उभी होती, हिरवी, चाकं नसलेली. दोघींनी बर्फात गुडघे टेकून तिचं दार सोडवलं आणि मला लावलं. मी वांगी, दार हिरवं! दुसऱ्या दिवशी शाळेसमोर पोरं ओरडली, "वांगं आलं! देठासकट आलं!" कॉरिन सीटखाली लपली. तेव्हापासून माझं नाव वांगं.

त्या दाराच्या कप्प्यात एक हातमोजा निघाला. लहान पोराचा, लाल लोकरीचा, एकच. कॉरिन फेकायला निघाली तर वांडानं हिसकावून घेतला आणि पुन्हा कप्प्यात ठेवला. "असू दे. ज्याचा असेल त्याचा." तो तिथंच राहिला.

नंतर वय झालं. मला तेल लागायला लागलं, लागतं म्हातारपणी. वांडा दर शनिवारी डबा घेऊन यायची. तुम्ही शनीला वाहता, तसंच. मग एक दिवस माझ्याच रेडिओवर बातमी आली, सॅटर्न बंद होणार. एकही नवी गाडी निघणार नाही. वांडानं रेडिओ बंद केला आणि स्टीअरिंगवर नुसता हात ठेवला. आमच्या दुकानात आता गाद्या विकतात. ज्या फरशीवर टाळ्या वाजल्या, तिथं लोक आडवे होऊन बघतात पाठ दुखते का ते.

आता ऐका मुख्य गोष्ट. आमच्याकडे दर वर्षी गाडीची तपासणी होते. पास झाली की काचेवर स्टिकर, नाहीतर रस्ता बंद. या वर्षी ऑगी मेकॅनिकनं मला वर उचललं, खालून स्क्रू ड्रायव्हर लावला आणि जरासा दाबला. तो आरपार गेला! बिस्किटात जावा तसा.

"वांडा, ये, बघ," ऑगी म्हणाला. वांडा पहिल्यांदा माझ्याखाली आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा! वरून मी तरणीताठी, न् खाली लोखंडाचा नुसता भुगा. सगळं मीठ तिथं बसलं होतं.

"पण मी दर वर्षी धुते तिला!"

"कुठे धुतेस?"

वांडानं बाजूला हात दाखवला. चकचकीत, वांगी. आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

"इंजिन अजून झकास आहे," ऑगी म्हणाला. "पण असली मी रस्त्यावर नाही सोडणार. मोडून पडशील कुठेतरी."

म्हणून मी अंगणात. न् म्हणून कॉरिन मारिसोलला घेऊन आली. कॉरिन आता बेकरीत कामाला आहे, मारिसोलही तिथंच, पण पीठ मळणाऱ्यांत. त्यांचं काम उजाडायच्या आत सुरू होतं, त्या वेळी बस नसते. तिची गाडीही सॅटर्न, माझ्याच वयाची, पांढरी. सांगाडा ठणठणीत, कारण ती दक्षिणेतून आलेली, तिथं मीठ नाही. पण आधीच्या मालकानं तेलात कधी डोकावलंच नाही, इंजिन जाम. आता परत उशीर झाला तर येऊ नकोस, असं बेकरीवाल्यानं तिला सांगितलेलं.

म्हणजे माझं इंजिन, माझं काळीजच तिला हवं होतं. आणि वांडा मला द्यायला तयार नव्हती.

"दुसरी बघ म्हणावं तिला," वांडा म्हणत होती. "ढीगभर असतील."

"कुठे आहेत ढीगभर?" कॉरिन ओरडली. "बंद झाली ना कंपनी! तूच रडत होतीस!"

"मी रडले नाही."

"रडलीस! गाद्यांच्या दुकानासमोर गाडी लावून रडलीस. मी होते ना शेजारी!"

मला तर मधे पडून दोघींवर हॉर्न वाजवावा वाटत होता. बॅटरीच काढलेली, काय करणार.

एवढ्यात मारिसोलनं खोका माझ्या टपावर ठेवला. "मिसेस ग्रबोव्स्की, मी जाते. तुमची गाडी आहे. मला पण नसती देववली." मग जाता जाता, नुसती बघावी म्हणून, तिनं हिरवं दार उघडलं. कप्प्यात हात गेला. "हे... नातवाचं का?"

लाल हातमोजा.

"मला नातू नाही," वांडा म्हणाली. "ते दाराबरोबर आलंय. कुणाचं, माहीत नाही."

"आणि तुम्ही ठेवलंत?"

कॉरिननं तोंड उघडलं होतं, पण मिटलं. पहिल्यांदाच! वांडा त्या दाराकडे बघत राहिली. माझं नव्हतंच ते, भंगारातल्या बहिणीचं. मग खोका उघडून तिनं एक पाव काढला, अर्धा मोडून मारिसोलच्या हातात दिला.

"मिसेस कसली? वांडा म्हण. तुझी पांढरी आहे ना?"

"हो."

"मग हिरवं दार शोभेल तुला. तेही ने."

"माझं दार चांगलं आहे, वांडा."

"मी विचारलं का चांगलं आहे का? इंजिन पाहिजे तर दार घ्यावं लागेल. आणि मोजा कप्प्यातच राहील. तेल दर शनिवारी बघायचं. आणि गाडी धुशील तेव्हा आधी खालून धू. आडवी हो, चिखलात लोळ, पण खालून धू. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"खालून," मारिसोल म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. कॉरिन म्हणाली, "पाव गार होतायत."

मित्रांनो, मलाही तेवढंच सांगायचंय. वरून सगळेच पुसतात. दिसतं ना ते. मीठ बसतं ते खाली, जिथं वाकल्याशिवाय दिसत नाही. वांडाचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं म्हणाल तर दारात बोट चिमटीन तुमचं. होतं. पण ती वाकली नाही, आणि मीही छान दिसत राहिले. तुमच्याकडे जे काही जुनं आहे, सायकल, शिलाई मशीन, माणूस, त्याच्याखाली एकदा तरी वाकून बघा.

भीती वाटतेय का? वाटतेय. सीटवर अजून वांडाच्या बसण्याचा खड्डा आहे, तो कुठे जाईल कुणास ठाऊक. पण पहाट मला ओळखीची आहे. अंधारात कामावर जाणाऱ्या बाईला घेऊन जायचं, एवढंच तर केलंय मी आयुष्यभर.

आला. ट्रक आला. मारिसोल ट्रकमध्ये पुढे बसलीय, तिच्या कोटावर पीठ तसंच. ड्रायव्हर मला साखळी लावतोय. वांडानं घरचे स्लीपर घातलेत, बर्फात. किल्ली मारिसोलच्या हातात ठेवली तिनं, आणि मागे सरकली.

आणि हे काय?

वांडा टाळ्या वाजवतेय. एकटीच. जोरात, हात लाल होईपर्यंत. कॉरिन म्हणाली, "आई, लोक बघतायत," आणि तीही वाजवायला लागली. समोरच्या घरातला म्हातारा पेपर घ्यायला बाहेर आला होता, त्याला काय चाललंय काही माहीत नाही, तोही वाजवतोय!

साखळी ताणली. मला आता निघायला हवं.