चुलीची वीज छपरीत
सुलोचनाबाईंनी चकत्या फोडल्या, हे गावभर झालं. का फुटल्या, हे कुणी विचारलं नाही.

दोन हजार सहा साल होतं. केळझरजवळच्या त्या गावात दिवेलागणीलाच भारनियमन सुरू व्हायचं. म्हणून वर्ध्याच्या एका कॉलेजातला प्रफुल नावाचा मास्तर लोखंडी चौकट घेऊन आला. तिच्यात चिनीमातीसारख्या चकत्या बसवलेल्या. चौकट चुलीला लावायची. चकतीच्या एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला मोकळी हवा. जाळानं चकती लाल तापते, आणि जाळातला अर्धवट जळालेला वायू खाऊन वीज करते. भाकरीही होते, दिवाही लागतो.

हे सगळं त्यानं घरापुढच्या छपरीत बसून सुलोचनाबाईंच्या नवऱ्याला, तानबाला समजावलं. शेजारचा किराणावाला हेमराजही ऐकत होता. "तापलेल्या चकतीवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका," हेही तिथंच सांगितलं. सुलोचनाबाई तेव्हा आत चहा उकळत होत्या. चौकट त्यांच्या चुलीला लागली, वायर मात्र छपरीत गेली.

रोज संध्याकाळी दिव्याखाली पत्ते रंगू लागले. भाकरी होऊन गेल्या तरी बाहेरून हाक यायची, "अवो, लाकूड सार ना! दिवा बारीक झाला." बाई अंधारात फुंकणी फुंकत बसायच्या. डोळ्यांतून पाणी, नाकात धूर. डाव संपेपर्यंत चुलीत राखच उरायची.

एके दिवशी डाव लवकर मोडला. चुलीत अजून लालभडक निखारे होते. असे निखारे पाणी मारून विझवायचे आणि कोळसे शेगडीसाठी ठेवायचे, हे बाई माहेरापासून करत आल्या होत्या. त्यांनी हबका मारला. ताडकन आवाज झाला. सगळ्या चकत्या तडकल्या.

प्रफुल नवी चौकट घेऊन आला, तेव्हा छपरीत निवाडा आधीच झालेला होता.

"आता माह्या घरी लावा, मास्तर," हेमराज हसत म्हणाला. "वहिनीले चुलीले आंघोळ घालाचा नाद हाय."

"अडाणी बाई हाय, सांगून उपेग नाई," तानबानं री ओढली.

सुलोचनाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

"कोणाले सांगतलं? मले सांगतलं? चूल कोण पेटोते या घरात? तुमी पेटोता? का हे भाऊजी पेटोतेत?"

"अवो, पाहुण्यासमोर..."

"पाहुण्यालेच इचारून राह्यली मी! मास्तर, माह्या हातचा चहा पेलात, माह्या चुलीले यंत्र ठोकलं. मंग मले दोन शब्द सांगाले काऊन तोंड उघडलं नाई?"

प्रफुल खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, काकू."

"चुकलं तं चाला आत. मले सांगा. अन् वायर तोडा. दिवा चुलीवर लागन."

"मंग आमी अंधारात बसाचं?" तानबा उसळला.

"बसा ना! मी बसली नाई?"

प्रफुल उठला आणि चौकट घेऊन आत गेला. चकत्या आपोआप निवेपर्यंत थांबायचं, निखारे बाहेर ओढूनच विझवायचे, हे त्यानं चुलीपुढं बसून सांगितलं. धुरानं तो खोकत होता. बाईंनी त्याला उठू दिलं नाही.

दिवा लागला. त्या पांढऱ्या उजेडात भिंतीवरची काजळी आढ्यापर्यंत चढलेली दिसली. एवढ्या काळोखात आपण इतकी वर्षं रांधलं, हे पाहून सुलोचनाबाईंचा राग आणखीच भडकला. बाहेरून तानबानं जेवायला मागितलं.

"ताट घेऊन इथं या," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटली.