टोफूवालीची वरात

मित्रांनो, मी एक जुना मेणा आहे. कोरियातल्या सुनगोक गावच्या सुताराने मला घडवले. पूर्वी मी नवऱ्यामुली वाहून नेत असे. आत त्या रडत आणि बाहेर भोई माझ्या वजनाला शिव्या देत. पुढे मोटारी आल्या आणि मी भातगिरणीच्या मागे पडलो. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालत.

एके वर्षी गावात टीव्हीवाले आले. जुन्या काळातली एक विधवा पुन्हा लग्न करते आणि अख्खे गाव तिच्यावर उठते, अशी त्यांची मालिका होती. मला रंग देऊन नायिकेच्या वरातीसाठी उभे केले. तिला शिव्या द्यायला गावातल्याच बायका घेतल्या. त्यांत मालसून इतकी रंगली, की दिग्दर्शक ‘थांबा’ म्हणाला तरी थांबेना.

तिला सराव होता. तिची भावजय बोंगने टोफू विकत असे. नायिकेसारखी तीही विधवाच. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या विधुर दोकसूने तिला मागणी घातली होती.

“साठीला आलीस, वहिनी! लोक तोंडात शेण घालतील!” मालसून दुकानात येऊन सुनवायची. बोंगने टोफू कापत राहायची. दोकसूला होकार देण्याचे तिला धाडस होत नव्हते.

मालिका लागली तेव्हा गाव बोंगनेच्या दुकानात जमले. शूटिंगनंतर मला तिथेच दाराशी ठेवले होते. पडद्यावर नायिका मेण्यापाशी अडखळली. मागून शिव्या सुरू झाल्या. इकडे मालसून बाहीने डोळे पुसत ओरडली, “बस गं बाई, बस! त्या कैदाशिणीकडे लक्ष देऊ नकोस!”

“वन्सं, ती कैदाशीण तुम्हीच आहात,” बोंगने म्हणाली.

हशा पिकला.

“दिसतंय मला,” मालसूनने नाक शिंकरले. “पण पोरीचे हाल बघवत नाहीत.”

“मग मी बसू का मेण्यात?”

मालसूनने पडद्याकडे पाहिले, मग वहिनीकडे.

“बस,” ती हळूच म्हणाली. “पण माझ्या भावाचा फोटो बरोबर न्यायचा.”

“त्यासाठी दोकसूंनी त्यांच्या घरी भिंतीवर खिळा केव्हाच ठोकून ठेवलाय.”

मालसून पुन्हा रडू लागली. या वेळी टीव्हीमुळे नाही.

लग्नाच्या दिवशी बोंगनेला घेऊन माझी वरात थाटात निघाली, पण बाजारात पोचताच माझा तळ निखळला. वाळवीने तो पोखरला होता. वरून रंग देणाऱ्यांनी खाली वाकून पाहिलेच नव्हते. बोंगनेचे पाय जमिनीला टेकले. भोई घाबरले.

“थांबता कशाला?” ती आतून ओरडली. “चला!” आणि माझ्या आतूनच तरातरा चालू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नुसता रंग फासू नका. अधूनमधून त्यांना ऊन दाखवा, त्यांचा तळ ठोकून पाहा. त्या दिवशी दोकसूच्या दारापर्यंत मी नवरीला नेले नाही, नवरीनेच मला नेले.