आजचे प्रश्न संपले

लेबलाचा खालचा कोपरा सुटला होता. पुस्तकाच्या पाठीवरचं पांढरं लेबल, त्यावर कुणीतरी जपून लिहिलेला क्रमांक, आणि सुटलेल्या कोपऱ्याखाली जुन्या गोंदाचा पिवळा डाग – बोटानं दाबलं की कोपरा बसायचा, बोट काढलं की पुन्हा उठायचा. ती मघापासून तेवढंच करत उभी होती. पुस्तक हातात होतं, त्याला वजन होतं, पानांना किंचित कुबट वास होता... आणि कपाटाशेजारच्या पडद्यावर अजून तीच ओळ होती : हे पुस्तक आपल्या संग्रहात नाही.

नाही म्हणे! मग हातात काय आहे, माझं डोकं?

सकाळी दार उघडल्या उघडल्या एक निवृत्त गृहस्थ हेच पुस्तक मागायला आले होते. देवघेवीच्या काउंटरवर काकू होत्या – ग्रंथालयात सगळे त्यांना काकूच म्हणत, ग्रंथपालसाहेबसुद्धा – त्यांनी नाव टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "नाहीये." गृहस्थ म्हणाले, "अहो, गेल्याच महिन्यात नेलं होतं मी." "तेव्हा असेल." "तेव्हा होतं आणि आता नाही?" यावर काकूंनी नुसते खांदे उडवले, आणि गृहस्थ, जणू चूक त्यांचीच, "बरं बरं, माझाच काही घोटाळा झाला असेल" असं पुटपुटत निघून गेले. ते असे मुकाट गेले हे तिला आवडलं नाही. माणसानं जरा भांडायला हवं होतं.

यादीचा सगळा कारभार तिचा. ग्रंथालयाचे प्रोग्राम लिहिते म्हणून माघारी सगळे आपल्याला यंत्रबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि काय झालं असेल ते यंत्रबाईला लगेच कळलंही – कळलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. दूर कुठेतरी एक मोठी माहितीसेवा होती. ग्रंथालयांसाठी प्रोग्राम लिहिणारे कितीतरी लोक तिच्यावर विसंबून असत. कुठलंही पुस्तक विचारा, ती लेखक, साल, विषय, सगळं पाठवायची; फुकट, पण शिस्तीत. सावकाश विचारा. मिळालेलं उत्तर जपून ठेवा, तेच तेच पुन्हा विचारू नका. आणि दिवसाला ठरल्याइतकेच प्रश्न – त्यापुढे माहिती मिळायची नाही, फक्त एक सभ्य वाक्य यायचं : आपले आजचे प्रश्न संपले, उद्या विचारावे. गेल्या महिन्यात सेवेनं ही मर्यादा आणखी खाली आणली होती. आणि तिचा प्रोग्राम – रोज पहाटे सगळी यादी सेवेकडून तपासून घेणारा, तिनंच लिहिलेला, दीडशहाणा प्रोग्राम – त्याला ते वाक्य वाचताच येत नव्हतं. त्याला एवढंच दिसायचं की विचारलं आणि माहिती आली नाही. माहिती नाही म्हणजे पुस्तक नाही. पुस्तक नाही तर यादीतून काढा. दर पहाटे थोडी थोडी, गुपचूप, फळ्याच्या फळ्या... ज्यांच्याबद्दल कुणी 'नाही' म्हटलंच नव्हतं अशी पुस्तकं.

आज सांगत नाही आणि मुळात नाहीच, यांत काही फरक आहे की नाही, बाई? चूक पोरकट होती, दुरुस्त होण्यासारखी होती. पण पडद्यावरचं ते 'नाही' वाचताना काळजात चर्र झालं होतं ते पुस्तकामुळे नव्हे. आज दुपारी वहिनी येणार होती.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा ती भांडी पुसत होती. "अगं, उद्या दुपारी तुझ्या ग्रंथालयातच येते मी. वकिलांना एकच वाक्य हवंय, रक्ताच्या नात्याचं. आई-बाबा असते तर तुला नसता त्रास दिला." एकच वाक्य : माझा भाऊ आता नाही असं मी मानते. सात वर्षं झाली होती, कायद्याला तेवढी पुरतात म्हणे. ते वाक्य मिळालं की वहिनी मोकळी. एक माणूस तिच्यासाठी थांबला होता, हळू बोलणारा, भला. वहिनीनं ते कधी लपवलं नव्हतं. हातातलं भांडं केव्हाच कोरडं झालं होतं तरी ती पुसत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ये."

दादा बल्ब आणायला गेला होता. जिन्यातला बल्ब गेला म्हणून, भर दुपारी, पायात घरातल्या सपाता... आला नाही. शोधायचं तेवढं शोधून झालं. त्याचा फोन आधी नुसता वाजायचा, मग बंद असल्याचं सांगायचा, मग एके दिवशी एका बाईच्या आवाजात 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' आलं – तोच क्रमांक, तिच्या बोटांना पाठ असलेला. आणि तिला भयंकर राग आला होता, त्या आवाजाचा. तुला कुणी विचारलं होतं? मी तर फक्त, तो फोन उचलतो का, एवढंच बघत होते.

कारण दादाचं असंच असे. विचारलेल्याला लगेच उत्तर देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणी दुपारी विचारावं, दादा, विहिरीला तळ असतो का रे, तर हा ढिम्म. आई वैतागायची, अरे ती काय विचारतेय, तोंडात मूग गिळलेत का? आणि दुसऱ्या दिवशी दात घासता घासता, फेसाळलेल्या तोंडानं – "असतो. पण दिसत नाही." अख्खं लहानपण तिनं त्याच्या उत्तरांची वाट पाहण्यात काढलं होतं आणि एकही बुडालं नव्हतं.

"काकू, जरा येता का इकडे?"

काकू चष्मा सावरत आल्या. तिनं पुस्तक पुन्हा त्याच्या जागी ठेवलं होतं, सुटलेल्या कोपऱ्यासकट, आणि फळीकडे बोट दाखवलं. "हे बघा. आहे की नाही?" काकूंचा अर्धा जन्म या कपाटांत गेला होता, डोळे बांधले असते तरी त्यांनी हवं ते पुस्तक काढून दिलं असतं. त्यांनी फळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली, एकेका पुस्तकाच्या पाठीवर टेकवत, ओठांत नावं म्हणत... त्या पुस्तकापाशी बोट आलं, उचललं गेलं आणि पलीकडच्या पुस्तकावर टेकलं. किती सहज! जिन्याची मोडकी पायरी माणूस सवयीनं ओलांडतो तसं.

"कुठंय? काही नाही इथं."

"अहो काकू, आत्ता तुमच्या बोटाखाली होतं."

"ताई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत वाटतं," काकू मायेनं म्हणाल्या, आणि निघाल्या. तिनं फळीकडे पाहिलं. पुस्तक होतं. तिनं डोळे मिटून पुन्हा पाहिलं, होतं... पण आता तेही जरा आत सरकल्यासारखं, शेजारच्या दोघांनी त्याची जागा वाटून घ्यायला सुरुवात केल्यासारखं. काकूंच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसरं काय असणार?

पण टेबलाशी परत येऊन बसली तरी ते उचललेलं बोट डोळ्यांसमोरून हलेना, कारण ते ओळखीचं होतं, मी रोज तेच करते – हो, मीच. दादा गेल्यावर पहिल्या वर्षी दिवसच्या दिवस त्याच्यात जायचे, काम सुचायचं नाही, दूध उतू जायचं. मग तिनं स्वतःला शिस्त लावली होती. घरातून निघाल्यापासून पूल येईपर्यंत दादाचा विचार करायचा, पूल ओलांडला की बंद. पुलापलीकडे तो आठवला तर मनाला बजावायचं : आजचं झालं, आता उद्या. आणि मन गुणी निघालं. आधी ते थांबायला शिकलं. मग पुलाच्या अलीकडेच गप्प बसू लागलं. हल्ली कित्येक दिवस ती पूल कधी ओलांडला हे न कळताच कामावर पोचत होती, आणि आपण सावरलो असं तिला वाटत होतं.

सावरलो? तिनं आत्ता, मुद्दाम, नियम मोडून विचारून पाहिलं : दादाचा भांग कुठल्या बाजूला होता? काही आलं नाही. हसताना कुठला दात दिसायचा? काही नाही. आवाज? तो म्हणाला होता की तळ असतो, पण दिसत नाही, शब्द तर सगळे होते, आवाज कुठे गेला? आज येत नाही की... कधीच येणार नाही? मनही तिच्या प्रोग्रामसारखंच निघालं होतं तर, उत्तर आलं नाही की 'नाही' लिहून मोकळं होणारं, आणि इतकी वर्षं दर सकाळी ते अख्ख्या दादातून थोडं थोडं काढून टाकत होतं. इतका एकटेपणा तिला तो गेला त्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता.

काम करावं म्हणून तिनं प्रोग्राम उघडला. गप्प राहणं म्हणजे नकार धरू नये. अशा पुस्तकापुढे 'माहीत नाही, पुन्हा विचारावे' एवढंच लिहावं आणि त्याला हात लावू नये – दुरुस्ती चार ओळींची होती. पण गेलेली पुस्तकं परत आणायची तर ती पुन्हा विचारायला हवी होती, आणि आजचे प्रश्न पहाटेच संपलेले. साहेब डोकावले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढी पुस्तकं गेली आणि बोंब कुणीच मारली नाही? मग राहू द्या की. काय अडलंय?"

"अहो साहेब, पण ती आहेत!"

"असतील," साहेब म्हणाले, आणि चहाला गेले.

वहिनी आली तेव्हा वाचनकक्षात ऊन टेबलांपर्यंत पोचलं होतं. एक बाई मासिक वाचत बसली होती, बाकी सगळं रिकामं. वहिनी कोपऱ्यातल्या टेबलाशी तिच्यासमोर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "बारीक झालीस गं," म्हणाली. मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मी त्यांना विसरले असं समजू नकोस. पण अजून दार वाजलं की मी आधी केस सारखे करते आणि मग उघडते. पोस्टमन असतो, नाहीतर दूधवाला. किती वर्षं करू असं? मी वाईट आहे का?"

"नाही गं वहिनी."

"मग म्हण एकदा. तुझ्या तोंडून ऐकलं की मी वकिलांना कळवते."

तिनं तोंड उघडलं. तो नाही – दोनच शब्द, जिभेवर येऊनही बसले होते, आणि ते उच्चारले की समोरच्या या दमलेल्या बाईला झोप लागणार होती. ते खरे आहेत का? खोटे आहेत का? 'माहीत नाही, पुन्हा विचार' हे तिनं मघाशीच यंत्राला शिकवलं होतं, पण सात वर्षं दारापाशी केस सारखे करणाऱ्या माणसाला ते कुठल्या तोंडानं सांगायचं? दया वाटत होती, आणि शब्द... वहिनी वाट बघत होती. वहिनीची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर होती, मग खांद्यावर आली, मग खुर्चीच्या पाठीवर. मग नजर तिच्यामागच्या भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली, जणू मध्ये काही नव्हतंच.

पर्समधला फोन वाजला. वहिनी उठली, चालता चालताच बोलू लागली, "हो, वकीलसाहेब... आलेय मी, पण ती नाहीये इथं." आणि काउंटरपाशी थांबून, "काकू, इथं कोपऱ्यात बसतात त्या आमच्या... कुठं गेल्या?"

काकूंनी मान वर केली. चष्म्यातून सरळ तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत.

"ताई ना? नाहीयेत. आज आल्याच नाहीत वाटतं."

काकू, थट्टा पुरे झाली! ती म्हणाली. वहिनी, अगं मी इथं आहे, ही काय! – मी म्हणाले, घसा ताणून म्हणाले, नक्की म्हणाले. मासिकवाल्या बाईनं शांतपणे पान उलटलं. वहिनी फोनवर बोलत होती, "नाही, तिचं काही उत्तर नाही. उत्तर नसलं की हरकत नाही असंच धरतात ना? बरं... धरा मग तसं." तिनं पदरानं डोळे पुसले, काकूंना येते म्हणाली, आणि गेली. दार तिच्यामागे हलत हलत थांबलं.

माझी पाचावर धारण बसायला हवी होती. बसलीही असती, पण त्याआधीच काहीतरी दुसरं आत चढत आलं आणि मला हुंदका आला. कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दादाबद्दल काहीतरी कळत होतं. तोही असाच असेल. कुठेतरी भर उजेडात, माणसांत, अशाच एखाद्या खुर्चीवर, आणि आम्ही एकमेकांना विचारतोय, आला का, दिसला का, नाही ना, बरं – आणि तो ओरडून सांगतोय, अरे, हा काय, आहे की मी! किती वेळा गेले असेन मी त्याच्यासमोरून, कामाला उशीर होतोय म्हणून, भराभर, समोर बघत.

मी ओरडायचं थांबवलं आणि कान दिला. पंख्याची घरघर, पानांची सळसळ, काउंटरवर काकूंचा शिक्का... त्याखाली काही होतं का? असेल. नसेल. आपण कुणाला दिसत नाही याची भीती आता वाटत नव्हती. भीती एकच होती – हाका मारून मारून एव्हाना तो कंटाळला असेल.