चालू यंत्रातली माझी जागा

सकाळचा प्रकाश या खोलीत घाईने शिरत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर रेंगाळतो, मग समोरच्या भिंतीवर चढून सुटलेल्या रंगाचा एकेक पोपडा उजळतो, आणि टेबलावरच्या धुळीला क्षणभर सोनेरी करून खाली उतरतो. पुरता न मिटणाऱ्या खणात त्याचा धागाभर अंश माझ्यापर्यंत पोहोचतो. त्यात ऊब नसते. दिवस उजाडला, एवढेच कळते.

मित्रांनो, मी एक जुने साउंड कार्ड आहे. लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत मला सरकवले, की त्याचा घोगरा आवाज स्वच्छ होई. मात्र या घरातल्या लॅपटॉपच्या कार्यप्रणालीला चालू यंत्रात आलेली मी ओळखूच येत नसे. यंत्र बंद करा, मला बसवा, पुन्हा सुरू करा! ती प्रणाली खुली होती; तिचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. म्हणून इथल्या भावाने आणि त्याच्या ताईने ठरवले, की जागेपणीच तिला माझी ओळख पटवायची. पुढच्या आवृत्तीत आपला कोड घेतला जावा, हा त्यांचा ध्यास होता. माझाही.

मी आत शिरले की पडद्यावर 'आले' उमटे, बाहेर निघाले की 'येते'. शब्द भावाचे. ते वाचून माझी जागा धरायची की सोडायची, हे ठरवणारा कोड ताईचा. पण प्रत्येक फेरीला यंत्र आपल्या स्मृतीत माझ्यासाठी नवी जागा अडवी, जुनी सोडत नसे, आणि शेवटी गोठून जाई.

"हे 'येते' काय लिहिलंयस?" एकदा ताई कडाडली. "मला वाटलं, कार्ड येतंय. म्हणून जागा धरून ठेवतेय मी!"

"अगं, निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? बरं दिसतं का ते?"

"दारात नाही म्हणत, रे राजा! पण हा ठोकळा काय चपला घालून उभाय? सरळ 'गेले' लिही."

"गेले? कार्ड आहे ते, वारलं नाहीये."

"वारल्यासारखंच लिही. नाहीतर आपला कोड वारेल!"

भावाने तो शब्द बदलला. पण त्याचे बोट कळफलकावर बराच वेळ थबकले होते. मग चालू यंत्रात मी कितीदा शिरले, कितीदा निघाले, आणि दर वेळी माझा सूर स्वच्छ उमटला. कोड स्वीकारला गेला, तेव्हा ताईने मला चक्क कपाळाला लावले.

पुढे ताईला परगावी नोकरी लागली. दारात ती "येते हं" म्हणाली. भाऊ तिची खुर्ची अजून कुणाला सरकवू देत नाही.

नवा लॅपटॉप आला, तेव्हा त्याने मला जुन्यातून शेवटचे बाहेर काढले. पडद्यावर 'गेले' उमटले. यंत्राची भाषा तुटक असते, अशी मी मनाची समजूत घातली. त्यानंतर मी या खणात आले. कधी वायर शोधायला भाऊ खण उघडी, आणि मी सावरून बसे.

मित्रांनो, जुनी वस्तू दूर ठेवाल, तेव्हा तिला एकदा हातात घ्या, पुसा, आणि खरे काय ते सांगा. वाट पाहायला लावू नका.

नव्या लॅपटॉपच्या दोन्ही बाजू मी खणाच्या फटीतून कितीतरी दिवस पाहत आले आहे. त्या सपाट आहेत. माझ्या मापाची खाच आता कोणत्याच यंत्राला नसते.